गाडी वळतच नाही? सिम रेसिंगची घडी या क्रमाने बसवा

सिम रेसिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवायच्या गेमसाठी, नवं व्हील (कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग) घेतलेला माणूस पहिल्या दिवशी काय करतो, हे आता मी न बघताही सांगू शकतो. व्हील खोक्यातून काढतो, अभ्यासाच्या टेबलाला अडकवतो, असेटो कोर्सा हा गेम उघडतो, यादीतली सगळ्यांत जोरकस गाडी निवडतो आणि तिला थेट न्युरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर नेतो. जवळपास २१ किलोमीटरचा ट्रॅक तो. तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडी कठड्यात. अर्ध्या तासात निकाल लागतो: एकतर गेम भंगार, नाहीतर व्हील खराब. पाथर्डी फाट्याहून येणारा माझा भाचा एका दमात दोन्ही म्हणाला होता.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या माझ्या मागच्या खोलीत बरीच पोरं आणि दोन-तीन पोक्त काकाही त्या खुर्चीत बसून गेलेत. कौशल्य कुणाकडेच फारसं नसतं, ते नंतर येतं. पण बहुतेकांचा क्रम उलटा असतो. गाडीचं सेटअप (टायरची हवा, ब्रेकची वाटणी, स्प्रिंग वगैरे) आधी बदलतात, खुर्ची शेवटी हलवतात, आणि ब्रेकचा सराव कधीच करत नाहीत. खालचा क्रम मोडू नका. उदाहरणं असेटो कोर्साची आहेत, कारण २०१४ चा हा गेम आजही साध्या कॉम्प्युटरवर चालतो. दुसरा कुठलाही सिम असला तरी क्रम हाच.

टप्पा १: खुर्ची आणि पेडल

व्हीलवर हजारो रुपये घालून लोक चाकाच्या ऑफिस खुर्चीत बसतात. ब्रेक जोरात दाबला की खुर्ची मागे पळते. मग माणूस नकळत ब्रेक हळू दाबायला शिकतो, आणि ती सवय पुढे महिनोन्महिने सुटत नाही. म्हणून आधी खुर्ची बांधा. चाकं जुन्या चपला-बुटांत घालून ठेवायची युक्ती हसण्यासारखी दिसते, पण चालते. त्याहून बरी म्हणजे चार पायांची साधी लाकडी खुर्ची आणि पाठीला उशी.

पेडल टाइल्सवर ठेवली की घसरणारच. मागे भिंत असू द्या, किंवा पेडल आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी फळी ठोका. खाली सतरंजी टाकून भागत नाही, सतरंजीसकट घसरतात. सहा महिने खेळून आवड टिकली, तर अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून बॉक्स पाइपचा सांगाडा जोडून घ्या. मापं मात्र स्वतः बसून घ्या, कुणाच्या फोटोवरून नको. माझा पहिला सांगाडा फोटोवरून केला होता. गुडघे व्हीलला लागायचे.

बसण्याचं माप सोपं आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना हात सरळ पुढे केला, तर मनगट व्हीलच्या वरच्या कडेवर टेकावं. बोटंच पोचत असतील, तर तुम्ही लांब बसलाय.

*तपासा:* ब्रेक अंगातला सगळा जोर लावून दहा वेळा दाबा. खुर्ची, पेडल, टेबल यांपैकी काहीही हललं, तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: व्हील आणि पेडलची जुळणी

व्हीलची यूएसबी वायर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा, स्वस्त हबला नको. ड्रायव्हर आणि फर्मवेअर आधी अद्ययावत करा, मग कॅलिब्रेशन, आणि गेम त्यानंतर उघडा. गेम चालू असताना वायर काढून लावलीत, तर बऱ्याचदा जुळणी पुन्हा करावी लागते.

आता गेममध्ये चार गोष्टी बघा.

पहिली, फिरण्याची व्याप्ती. लॉजिटेकचं जी२९ ९०० अंशांत फिरतं. ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये हा आकडा सारखाच हवा. पडद्यावरच्या ड्रायव्हरचे हात आणि तुमचे हात बरोबर फिरतात का, ते बघा. “वळायला सोपं जातं” म्हणून कुणी तो २७० वर आणतं. मग गाडी चिमटीत धरल्यासारखी होते आणि सरळ रस्त्यावरही डगमगते.

दुसरी, डेडझोन, म्हणजे व्हील किंवा पेडल हललं तरी गेम दखल घेत नाही तेवढा भाग. तो शून्य. व्हील सतत मध्यावर ओढणारी सेंटरिंग स्प्रिंग बंद.

तिसरी, फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधली मोटर हाताला देते तो जोर. इथे सगळे चुकतात. व्हील जितकं जड, तितकं खरं, असा समज आहे. प्रत्यक्षात गेन (या जोराचं प्रमाण) फार वाढवला की मोटर आपल्या कमाल जोराला जाऊन अडकते आणि त्यापुढचे बारकावे कापले जातात. टायर पकड सोडतोय, हे सांगणारा हलकेपणा नेमका तिथेच असतो. असेटो कोर्सात पेडलचं छोटं अ‍ॅप पडद्यावर ठेवा. त्यातली फोर्स फीडबॅकची पट्टी लांब, वेगवान वळणात सतत लाल होत असेल, तर गेन कमी करा. कधीतरी कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, उडताना लाल झाली तर हरकत नाही.

चौथी, ब्रेकचा प्रतिसाद. साध्या पेडलना गेममधला ब्रेक गॅमा (पेडल किती दाबलं की ब्रेक किती लागतो, हे ठरवणारा आकडा) मूळ आहे तसाच राहू द्या. दाब मोजणारं लोडसेल पेडल असेल, तर तो १ वर आणा. आणि जी२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा असतो, त्यामुळे पेडल शेवटाकडे दगडासारखं वाटतं. बरेच जण तो पहिल्याच दिवशी काढून टाकतात. थांबा. तो कडकपणाच पायाला जोर मोजायला शिकवतो.

*सावधान:* डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेलं) असेल, तर अंगठे व्हीलच्या आऱ्यांत अडकवू नका. गाडी भिंतीवर आदळताना व्हील झटक्याने फिरतं आणि अंगठा खरोखर मुरगळतो.

टप्पा ३: पडदा आणि नजर

दृश्यकोन (एफओव्ही), म्हणजे पडद्यावर किती कोनातलं दृश्य दिसतं ते, चुकीचा असला की वेगाचा आणि अंतराचा अंदाज कायम चुकतो. मूळ सेटिंग बहुधा रुंद असतं. वेग जास्त भासतो, वळण आहे त्याहून दूर दिसतं आणि माणूस उशिरा ब्रेक लावतो.

हिशेब तोंडी करता येतो: पडद्याची उंची भागिले डोळ्यापासूनचं अंतर, गुणिले ५७. २७ इंची मॉनिटरची उंची साधारण ३४ सेंटिमीटर असते. तो ६० सेंटिमीटरवर असेल, तर उत्तर ३२ अंशांच्या आसपास येतं. असेटो कोर्सा हाच उभा कोन मागतो. आयरेसिंग हा दुसरा सिम आडवा कोन मागतो, पण त्याचं गणित तो गेममध्येच करून देतो.

हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीसमोर दोन मीटरवर बसणाऱ्यांचा हिशेब १५ अंशांवर येतो. एवढ्या फटीतून गाडी चालत नाही. मोठा टीव्ही घेण्यापेक्षा आहे तोच पुढे ओढा. टीव्हीच वापरणार असाल, तर त्याचा गेम मोड लावा, नाहीतर हात फिरवल्यावर चित्र मागाहून येतं. ग्राफिक्सबद्दल माझं मत कडक आहे: सावल्या, प्रेक्षक, आरसे सगळं खाली आणा, पण फ्रेम रेट ६० च्या खाली जाऊ देऊ नका. मध्येच अडकणाऱ्या सुंदर चित्रापेक्षा सलग चालणारं साधं चित्र बरं.

एक खास आपल्यासाठी. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, गेममधल्या बहुतेक गाड्यांचं डावीकडे. कॉलेज रोडवर रोज गाडी चालवणारा माणूस इथे बसला की डाव्या वळणात आतली कड दोन हात लांब सोडतो, आणि उजव्या वळणात गवतात चाक घालतो. पहिले दहा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) फक्त याच्यासाठी द्या: दोन्ही बाजूंच्या कर्बवर मुद्दाम हळू वेगाने चाक टेकवत फिरा, म्हणजे गाडीची रुंदी अंगात भिनते.

टप्पा ४: गाडी आणि ट्रॅक

गाडी कमी ताकदीची, ट्रॅक छोटा. असेटो कोर्सातली फियाट अबार्थ ५०० पुढच्या चाकांवर चालते, चुका माफ करते. तिच्यावर बसलेला हात पुढे बीएमडब्ल्यू एम३ ई३० कडे न्या. ही मागच्या चाकांवरची, आणि ती चूक लगेच दाखवते. ट्रॅक म्हणून इटलीतला माज्योने घ्या. सुमारे अडीच किलोमीटरचाच आहे, त्यामुळे तेच वळण लवकर लवकर परत येतं. मोंझा ५.७९३ किलोमीटरचा, तिथे सरळ रस्त्यावरच निम्मा वेळ जातो.

मदतीच्या सेटिंगमध्ये एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर देताना चाक घसरू न देणारी) ‘फॅक्टरी’वर ठेवा, म्हणजे खऱ्या गाडीत असेल तेवढंच मिळेल. गाडी आपोआप सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल शून्य करा. ते तुमची चूक तुमच्यापासून लपवतं. गिअर आपोआप पडले तरी पहिल्या आठवड्यात चालेल. रस्त्यावर रंगीत रेष दाखवणारी सोय वीसेक लॅप ठेवा आणि बंद करा. ती असेपर्यंत नजर बोनेटच्या पुढे दहा फुटांवर खिळलेली असते. ट्रॅकची पकड ‘ऑप्टिमम’ आणि हवामान कायम तेच ठेवा, नाहीतर काल आणि आजचा वेळ ताडून बघण्यात अर्थ नाही.

टप्पा ५: ब्रेक, आणि पुन्हा ब्रेक

हा टप्पा घाईने उरकलात, तर बाकीचं वाचूनही उपयोग नाही.

द्वारकेला किंवा मुंबई नाक्याला सिग्नल दिसला की आपण काय करतो? आधी हलका ब्रेक, गाडी जवळ येईल तसा वाढवत नेतो. प्रवासी झोपलेला असेल तर तेच बरोबर. ट्रॅकवर मात्र उलट: सुरुवातीलाच सगळ्यांत जोरात, आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू उचलायचा. याची कारणं दोन. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं आणि पुढच्या टायरना जास्त पकड मिळते. शिवाय जीटी३ वर्गातल्या रेस गाड्यांसारख्या पंखवाल्या गाड्यांत वेग असेपर्यंत हवाही गाडीला खाली दाबते. वेग उतरला की हा दाब जातो, आणि पाय तेवढाच दाबलेला असेल तर चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं.

वेगाचा हिशेबही मनात ठेवा. सुमारे १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, जोराने ब्रेक लावला, तर १०० च्या वेगातून गाडी ३९-४० मीटरांत थांबते. २०० मधून थांबायला १५७ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. म्हणजे २०० वरून १०० वर यायलाच सव्वाशे मीटरच्या जवळपास गेले. सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेकची खूण दहा मीटर पुढे सरकवण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवा.

सराव तीन भागांत करा.

(अ) फक्त सरळ रेषेत. वेग १२० करा, एबीएस बंद करा, स्टिअरिंग सरळ ठेवून ब्रेक मारा. चाक लॉक होतानाचा चिरका आवाज ओळखा. मग त्याच्या अगदी अलीकडे पाय थांबवायला शिका. वीस वेळा तरी. कंटाळवाणं आहे, मान्य.

(आ) खूण ठरवा. ट्रॅकच्या कडेला अंतराच्या पाट्या असतात. नसतील तर झाड, टायरची भिंत, काळा डाग, काहीही. सावली खूण म्हणून घेऊ नका, वेळ बदलली की ती सरकते. पहिल्यांदा खूप अलीकडे ब्रेक लावा. वळणाआधी रिकामा वेळ उरला, तर पुढच्या लॅपला खूण पाच मीटर पुढे. लोक उलट करतात: आधी उशिरा लावून बाहेर जातात आणि मग मागे येतात. त्यात दर लॅप वाया जातो आणि पायाला कळतच नाही की बरोबर कसं लागतं.

(इ) आता पाय उचलणं. वळण सुरू करताना ब्रेक एकदम सोडलात, तर पुढचं वजन मागे जातं आणि गाडी सरळ पळते. “गाडी वळत नाही” ही तक्रार निम्म्या वेळा इथून येते. म्हणून स्टिअरिंग जितकं फिरवाल, तितका ब्रेक सैल करत न्या. टायरकडे पकड ठरावीक असते. थांबायला आणि वळायला ती वाटून घ्यावी लागते.

गिअर खाली टाकतानाची चूक वेगळी सांगतो. कसारा घाट उतरताना जाणता ट्रकवाला उताराआधीच गिअर खाली घेतो आणि इंजिनावर गाडी रोखतो. ती युक्ती इथे आणू नका. वेग असताना पाचव्यावरून धडाधड दुसऱ्यावर आलात, तर मागच्या चाकांवरच्या गाडीत इंजिन ती चाकं अडवतं आणि गाडी गर्रकन फिरते. आधी ब्रेकने वेग उतरवा, आणि एकेक गिअर आवाज खाली आल्यावर टाका.

*तपासा:* एकाच वळणाला सलग दहा वेळा त्याच खुणेवर ब्रेक लागला आणि एकदाही लॉक झाला नाही? मगच पुढे.

टप्पा ६: वळण

बाहेरून आत, आतून बाहेर, म्हणजे बाहेरच्या कडेने शिरून आतल्या कडेला टेकायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. राहते ती नजर. ब्रेक लावताना नजर वळणाच्या आतल्या टोकावर गेली पाहिजे, आणि गाडी त्या टोकाला पोचायच्या आत नजर बाहेर पडायच्या जागेवर. हात नजरेमागे जातात. भिंतीकडे बघितलंत तर भिंतीतच जाल.

ॲक्सिलरेटर कधी? स्टिअरिंग सरळ व्हायला लागल्यावर, आणि जेवढं सरळ तेवढाच. एकदा दिलेला ॲक्सिलरेटर पुन्हा सोडावा लागत असेल, तर तुम्ही तो लवकर दिलात. लांब सरळ रस्त्याच्या आधीचं वळण सगळ्यांत महत्त्वाचं. तिथे बाहेर पडतानाचा वेग सबंध रस्ताभर सोबत राहतो. त्यासाठी आत शिरताना थोडा वेग सोडला तरी फायद्याचं.

गाडी पुढून घसरत असेल, तर माणूस आणखी स्टिअरिंग फिरवतो. उपयोग शून्य, टायर आधीच हरलाय. थोडं स्टिअरिंग परत घ्या, पाय किंचित उचला, पकड येऊ द्या. मागून घसरत असेल, तर व्हील स्वतःच घसरण्याच्या दिशेला फिरू पाहतं, त्याला हातातून जाऊ द्या. पण सावरल्या क्षणी लगेच सरळ करा. पहिलं घसरणं बरेच जण सावरतात आणि दुसऱ्या झोल्याला उलट बाजूला जाऊन आदळतात. भाच्याला हे जमायला तीन रविवार लागले.

टप्पा ७: सराव कसा मोजायचा

वही घ्या. दहा लॅप चालवा आणि दहाही लॅपना लागलेला वेळ लिहा. सगळ्यांत वेगवान लॅपकडे बघू नका. सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत हळू यांतला फरक बघा. तो अर्ध्या सेकंदाच्या आत येईपर्यंत वेग वाढवायचा विचार नको. पहिला लॅप मोजू नका, टायर गार असतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला: आज फक्त दुसऱ्या वळणाची ब्रेकची खूण, उद्या तिथलाच गिअर. चाळीस मिनिटं झाली की उठा. थकलेला पाय चुकीचा जोर पक्का करतो, आणि ते पुसायला दुप्पट वेळ जातो.

*सावधान:* आमच्या भागात उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात लाईट हमखास जाते. घरचा इन्व्हर्टर चालू व्हायला लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. कॉम्प्युटरला आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. शेवटच्या लॅपला पुढे असताना पडदा काळा झाल्याचं दुःख मी भोगलंय.

टप्पा ८: सेटअप, तोही थोडाच

आतापर्यंत गाडी मूळ सेटअपवरच होती, बरोबर? इतरांचं सेटअप उतरवून घेतलं असेल, तर काढून टाका. ते त्यांच्या पायाला जुळलेलं असतं.

हात लावायचा तर या क्रमाने. आधी पेट्रोल: एक लिटर साधारण पाऊण किलोचं, म्हणजे गरजेपेक्षा ४० लिटर जास्त घेऊन फिरलात तर ३० किलो उगाच ओढताय. मग टायरची हवा. ती गार टायरवर बघून ठरवू नका. चार-पाच लॅप फिरून टायर तापल्यावर बघा, कारण तापला की दाब वाढतो. त्यानंतर ब्रेकची पुढे-मागे वाटणी. पुढची चाकं आधी लॉक होऊन गाडी सरळ जात असेल तर वाटणी थोडी मागे, ब्रेक लावताना मागचा भाग हलत असेल तर पुढे. एका वेळी एकेक टक्का. स्प्रिंग, डँपर, डिफरन्शियल यांना पहिले तीन महिने हात लावू नका.

टप्पा ९: पहिली ऑनलाइन रेस

वायफाय नको, राउटरपासून लॅनची वायर ओढा. सर्व्हर निवडताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) बघा. जवळचा आशियातला असेल तर तोच घ्या. पिंग जास्त असलेली गाडी दुसऱ्यांना उड्या मारताना दिसते आणि धक्का नसताना धक्का लागतो.

पहिल्या वळणाला नेहमीच्या खुणेवर ब्रेक लावाल, तर समोरच्याच्या डिकीत जाल. टायर गार, पेट्रोल भरलेलं, आणि पुढच्या गाड्यांनी हवा कापून दिल्यामुळे वेग नेहमीपेक्षा जास्त. त्यात पुढच्याच्या अगदी मागे असताना हवेचा खालचा दाबही कमी मिळतो. खूण चांगली वीस-तीस मीटर अलीकडे घ्या. दोन जागा गेल्या तरी जाऊ द्या, पुढचे बरेच जण आपसूक बाहेर जातात.

शेजारी गाडी असेल, तर तिच्यापुरती जागा सोडा, वळण संपेपर्यंत. दिसत नसेल तर आहे असं धरा. ट्रॅकबाहेर गेलात, तर परत येताना ब्रेक धरून थांबा, मागच्या गाड्या जाऊ द्या, आणि सगळे ज्या वाटेने धावतात त्या रेसच्या ओळीपासून दूर राहून आत या. गाडी गर्रकन फिरून ट्रॅकवरच थांबली, तर ब्रेक दाबून ठेवा. सावरायच्या नादात मागे-पुढे सरकलात, तर मागचा कुठल्या बाजूने काढायचं हे ठरवू शकत नाही.

रेस संपली की रिप्ले साठवून ठेवा. स्वतःची गाडी नंतर बघा. ज्याने तुम्हाला मागे टाकलं त्याच्या गाडीच्या कॅमेऱ्यातून तीच दोन वळणं बघा, आणि त्याचा ब्रेक कुठे सुटतो ते वहीत लिहा.